‘मला काही उणे नाही’ म्हणणाऱ्याने कुठल्या कोर्सला बसावं? चार उपक्रमांचा आढावा

ख्रिस्ती श्रद्धेची तोंडओळख करून देणारे कोर्स आता जगभर चालतात आणि त्यातले बरेचसे नीट बांधलेलेही आहेत. येशू कोण, तो का मेला, प्रार्थना कशी करायची, पवित्र शास्त्र कसं वाचायचं, हे सगळं त्यांत असतं. अडचण त्याच्या आधीच्या पायरीवर येते. आपल्याला देवाची गरज आहे हे माणसाला स्वतःला दिसलेलं नसेल, तर क्रूस, क्षमा, कृपा ही सगळी त्याने न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं ठरतात. तो मान डोलावतो, शेवटच्या बैठकीत चार चांगले शब्द बोलतो आणि होता तसाच घरी जातो.

म्हणून इथे चार उपक्रम एकाच कसोटीवर घासून पाहिले आहेत: आत्मिक गरज ओळखायला ते खरोखर किती मदत करतात? व्याख्यान रंगलं का, लोक किती जमले, गाणी कशी झाली, हे या आढाव्यात मोजलेलं नाही.

कसोटी घेतली आहे बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातून. मंदिरात दोघे प्रार्थनेला जातात. एक परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस; दुसरा जकातदार, लोकांच्या लेखी पापी. परूश्याचं बोलणं खोटं नाही. तो आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशांश देतो, देवाचे आभारही मानतो. फक्त त्याच्या अख्ख्या प्रार्थनेत मागणं एकही नाही. जकातदाराची प्रार्थना एका ओळीची: ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ ती देवाला उद्देशून आहे, स्वतःबद्दल आहे आणि तिच्यात मागणं आहे. ‘यापुढे नीट वागेन’ असं आश्वासनसुद्धा तो देत नाही. कोर्सच्या शेवटी सहभागी माणसाला आपली गरज अशा एका वाक्यात मांडता येते का, एवढंच पाहायचं.

या कसोटीवर नापास होणारी तीन वाक्यं वारंवार ऐकू येतात. ‘मला मनःशांती हवी आहे’ हे पहिलं. त्यात वाईट काही नाही. येशूकडे येणारे बहुतेक लोक अशाच कुठल्या तरी गरजेने आले. पण कोर्स संपतानाही वाक्य तेच राहिलं असेल, तर माणूस दारातून आत आलाच नाही. दुसरं, ‘मी फार वाईट आहे.’ हे नम्रतेसारखं दिसतं आणि गटप्रमुख त्यावर खूश होतात. पण या वाक्यात देव कुठेच नाही. प्रेषित पौलाने बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (७:१०) दोन प्रकारचं दुःख वेगळं काढलं आहे: एक पश्चात्तापाकडे नेतं, दुसरं मरणाकडे. तिसरं वाक्य, ‘आपण सगळेच पापी आहोत.’ मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लहानाचे मोठे झालेल्यांचं हे आवडतं वाक्य. गर्दीत उभं राहिलं की कुणाचंच तोंड नीट दिसत नाही.

अल्फा

चौघांत सगळ्यात पसरलेला उपक्रम. लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन या अँग्लिकन मंडळीत १९७७ मध्ये चार्ल्स मार्नहॅम यांनी तो नव्या ख्रिस्ती लोकांसाठी सुरू केला. १९९० मध्ये निकी गंबेल यांच्याकडे सूत्रं आली आणि त्यांनी त्याची बांधणी चर्चशी संबंध नसलेल्यांसाठी बदलली. साचा ठरलेला आहे: आधी एकत्र जेवण किंवा खाणं, मग साधारण अर्ध्या तासाचं भाषण किंवा फिल्म, मग छोट्या गटात चर्चा. सुमारे अकरा आठवडे, मध्ये एक दिवस किंवा शनिवार-रविवार बाहेर. पाहुण्यांकडून फी घेत नाहीत.

अल्फाची खरी ताकद यजमानाच्या गप्प बसण्यात आहे. गटप्रमुखाला प्रशिक्षणातच सांगितलेलं असतं की उत्तर देऊ नकोस, ‘तुला काय वाटतं?’ एवढं विचार. हे पाळलं गेलं तर चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत लोक खरं बोलायला लागतात. ‘मला हे पटत नाही’ असं म्हटल्यावर कुणी अंगावर येत नाही याची खात्री पटायला तेवढे आठवडे लागतातच.

आणि नेमकी इथेच मेख आहे. पापाचा विषय येतो ‘येशू का मेला?’ या बैठकीत, म्हणजे सुरुवातीची ओळखीची संध्याकाळ धरून तिसऱ्या वेळी. पापाचे चार पैलू तिथे सांगितले जातात: ते माणसाला मलिन करतं, त्याच्यावर ताबा मिळवतं, त्याच्यावर शिक्षा ओढवतं आणि त्याला देवापासून तोडतं. मांडणी चांगली आहे. पण चारही पैलू आणि त्यावरचा क्रूसाचा उपाय, सगळं एकाच अर्ध्या तासात. तोवर गटातल्यांना एकमेकांची नावंही धड पाठ झालेली नसतात. विश्वास जमतो बाहेरच्या मुक्कामापर्यंत, आणि त्या मुक्कामाचा विषय असतो पवित्र आत्मा. त्यामुळे दडलेली गरज वर येते ती गाण्यांच्या आणि प्रार्थनेच्या भरात, अश्रूंसकट, पण नाव न मिळालेली. परतल्यावर दहा दिवसांत ती ओसरली की माणूस म्हणतो, ‘तेव्हा काहीतरी झालं होतं खरं.’

चालवणाऱ्यांना हे सुधारता येतं. तिसऱ्या वेळी चर्चेचे सगळे प्रश्न उरकायचा हट्ट सोडावा. चार पैलूंपैकी कुठला आपल्याला जवळचा वाटतो, एवढं एकच विचारावं आणि उत्तरासाठी घाई करू नये. ‘शिक्षा’ या पैलूवर लोक वाद घालतात. ‘ताबा’ म्हटलं की गप्प होतात, कारण सोडायचं ठरवूनही न सुटलेलं काहीतरी प्रत्येकापाशी असतं. मुक्कामाहून आल्यावर पुढचा विषय लगेच सुरू न करता हाच प्रश्न पुन्हा काढावा. त्या वेळी मिळणारी उत्तरं पहिल्यापेक्षा कितीतरी नेमकी असतात.

बिघाड कुठे होतो? गट मोठा झाला की. यजमान आणि मदतनीस धरून बारापर्यंत ठीक; त्यावर गेलं की दोघेतिघे बोलतात आणि बाकीचे ऐकतात. दुसरं, जेवण काटून कोर्स तासाभरात बसवला की उरते फक्त फिल्म, आणि फिल्म घरीही बघता येते. तिसरं, एखादा उत्साही मदतनीस पाहुण्याच्या वतीने मोठ्याने प्रार्थना करून टाकतो. मागणं त्या माणसाच्या तोंडून यायला हवं होतं. ते दुसऱ्याने मागून टाकलं.

ज्याला चर्चची भीती किंवा चीड आहे त्याच्यासाठी उत्तम. ज्याला सगळी उत्तरं आधीच येतात त्याचा यात वेळ जाईल.

ख्रिश्चॅनिटी एक्सप्लोअर्ड

हाही लंडनचाच, ऑल सोल्स, लँगहॅम प्लेस या मंडळीतला. रिको टाइस हे त्याचे मुख्य प्रवर्तक. सात बैठका आणि एक दिवस बाहेर. सगळा भर मार्कच्या शुभवर्तमानावर. त्यात सोळाच अध्याय आहेत आणि एका बैठकीत सलग वाचून होतात. बैठकांचा क्रम असा: शुभवर्तमान म्हणजे काय, येशूची ओळख, पाप, क्रूस, पुनरुत्थान, कृपा आणि शेवटी ‘ये आणि विश्वास ठेव’.

अल्फापेक्षा इथे गरजेचं निदान स्पष्ट आहे, कारण ते वक्त्याच्या तोंडून न येता मजकुरातून येतं. मार्क २ मधला पक्षाघाती घ्या. चौघे जण छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात. त्याला काय हवंय हे सगळ्यांना दिसतंय. येशू आधी म्हणतो, ‘मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे.’ पाय नंतर. वाचणारा अडखळतो तो इथेच, आणि त्याने अडखळावं. ‘हे बोलणं त्या आजाऱ्याला कसं वाटलं असेल?’ असा प्रश्न टाकून गटप्रमुखाने थांबावं. मला हवं असलेलं आणि मला लागणारं, या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे तिथे व्याख्यानाशिवाय उमगतं.

मार्क ७:२१-२२ मधली यादीही या कामाला फार उपयोगी. दुष्ट विचारांच्या पाठोपाठ येशू माणसाच्या अंतःकरणातून निघणाऱ्या बारा गोष्टी सांगतो. खून, चोरी, व्यभिचार यांवरून लोकांचे डोळे सरकत जातात, ‘हे आपलं नाही’. मग लोभ, कपट, हेवा, निंदा, अहंकार लागतात. यादी वाचून झाल्यावर तीन मिनिटं कुणी काही बोलू नये, आणि ‘तुमचा शब्द कुठला?’ हे तर चुकूनही विचारू नये. विचारलं की लोक त्यातल्या त्यात सोज्ज्वळ पाप निवडतात. ‘मी जरा अहंकारी आहे’ हे म्हणायला कुणाचं काय जातं!

इथला नेहमीचा बिघाड म्हणजे वर्ग. गटप्रमुखाच्या हातात उत्तरं असलेली मार्गदर्शिका असते आणि प्रश्नोत्तरं शाळेतल्या उताऱ्यासारखी होतात: पाचव्या ओवीत काय म्हटलंय, सातवीत काय. बरोबर उत्तर आलं की पुढे. वाचनाची सवय असलेला माणूस असे सातही आठवडे बिनधोक पार करू शकतो. उलट ज्याला वाचन जड जातं तो दुसऱ्याच आठवड्यात गळतो. त्याच्यासाठी उतारा मोठ्याने दोनदा वाचून दाखवावा आणि ओव्यांचे आकडे विसरावेत.

आणखी एक धोका गैरहजेरीचा. पाप तिसऱ्या बैठकीत, क्रूस चौथ्या, कृपा सहाव्या. तिसरीला आलेला आणि चौथीला न आलेला माणूस निदानाचा कागद घेऊन औषधाविना फिरत असतो. पाचव्या बैठकीच्या आत त्याला गाठून चौथीचा विषय समोरासमोर बसून सांगणं हे गटप्रमुखाचं काम आहे. ‘पुढच्या वेळी कळेलच’ इथे चालत नाही. सहावीबद्दलही तेच. पुष्कळ जण पापाच्या बैठकीनंतर मुकाट्याने सुधारायला लागतात, आणि कृपेची बैठक चुकली तर तीच सुधारणा म्हणजे ख्रिस्ती जीवन असं समजून बसतात. परूशी असाच तयार होतो.

सेलिब्रेट रिकव्हरी

कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चमध्ये १९९१ मध्ये जॉन बेकर यांनी सुरू केलेला उपक्रम. मुळाशी दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्या आहेत. त्यांच्या जोडीला येशूच्या डोंगरावरील प्रवचनातल्या धन्योद्गारांवर (‘... ते धन्य’ अशा वचनांवर) बेतलेली आठ तत्त्वं. पहिलं तत्त्वच या आढाव्याचा विषय आहे: मी देव नाही, माझं जगणं माझ्या हातात राहिलेलं नाही. त्याला आधार मत्तय ५:३ चा, ‘आत्म्याने दीन ते धन्य’.

दारूसाठीच असं समजून लोक याला टाळतात, ती चूक आहे. दुखावलेपण, सवयी, आतल्या गाठी, सगळ्यांसाठी तो आहे; राग, पैसा, लोकांना खूश ठेवण्याची धडपड घेऊन आलेलेही इथे असतात. दर आठवड्याला आधी सगळ्यांची एकत्र सभा आणि मग स्त्रिया व पुरुषांचे वेगळे गट. गटाचे नियम पाच: आपलंच बोलायचं, तेही तीन ते पाच मिनिटं; दुसरा बोलत असताना मध्ये पडायचं नाही; एकमेकांना आधार द्यायचा, दुरुस्त करायला जायचं नाही; इथलं इथेच ठेवायचं; आणि घाणेरडी भाषा नको. यातला तिसरा पाळायला सगळ्यात कठीण. सल्ला द्यायची खाज असलेला एक माणूस अख्खा गट बंद पाडू शकतो.

पण खरं काम होतं ते वेगळ्या पायरी-अभ्यास गटात. चार पुस्तिका, पंचवीस धडे; आठवड्याला एक धरला तरी अर्धं वर्ष सहज जातं. त्यातली चौथी पायरी म्हणजे स्वतःची लेखी झडती. कागदावर पाच रकाने आखायचे. पहिल्यात व्यक्ती. दुसऱ्यात काय घडलं. तिसऱ्यात त्याचा माझ्यावर झालेला परिणाम. चौथ्यात त्यामुळे झालेलं नुकसान. पाचव्यात माझा वाटा.

पहिले चार रकाने भराभर भरतात. काहींना कागद पुरत नाही. पेन अडतं ते पाचव्याला. आणि तो रकाना मोकळा ठेवून पुढे जायची परवानगी नसते, हीच या पद्धतीची किंमत. ‘मीही खोटं बोललो’, ‘मला त्याचा अपमान करायचाच होता’ अशी एकेक ओळ उतरते, तसा ‘आपण सगळेच पापी’ या वाक्याचा आडोसा संपतो. ज्यांच्यावर अत्याचार झाला, विशेषतः लहानपणी, त्यांनी पाचव्या रकान्यात काय लिहायचं? ‘काही नाही’ किंवा ‘माझा दोष नाही’. ही सूचना पद्धतीतच आहे. ती न सांगता झडती लिहायला लावणारा गट सरळ इजा करतो, तेव्हा रकान्यांचा कागद हाती येण्याआधी हे विचारून घ्यावं.

पाचवी पायरी झडती दुसऱ्या माणसासमोर वाचण्याची. हा माणूस आपल्याच लिंगाचा, या वाटेने आधी गेलेला आणि तोंडाचा घट्ट असावा. नवरा किंवा बायको नको. त्यांना ऐकवलं की कबुली बाजूला राहते आणि भांडण सुरू होतं. कागद सांभाळायचा की फाडायचा हेही आधी ठरवावं.

उणीव सांगायची तर गरज त्या एका सवयीपाशी अडकून राहते. सवय सुटली की गरज संपली असं वाटू लागतं, आणि न सुटलेला माणूस आयुष्यभर स्वतःची ओळख त्या सवयीच्याच नावाने करून देत राहतो. पहिल्या तत्त्वातला देव हळूहळू सवय सोडवणारं साधन होऊन बसतो. चांगले गट झडतीच्या अखेरीला ‘यातलं देवाविरुद्ध काय?’ हा प्रश्न जोडतात. बायबलमधलं पश्चात्तापाचं स्तोत्र ५१ तिथे फार चपखल बसतं. वैद्यकीय बाबतीतही ताकीद हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने पहिल्या सभेच्या जोशात दारू एकदम बंद करू नये. त्यातून झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग गट, किंवा दोन्ही एकदम.

संत इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेचा पहिला आठवडा

चौघांत सगळ्यात जुनी आणि माझ्या मते सगळ्यात नेमकी पद्धत. जेझुइट संघाचे संस्थापक, लोयोलाचे इग्नेशियस यांच्या साधनेला पोप पॉल तिसरे यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. पूर्ण साधना सुमारे तीस दिवसांची, चार ‘आठवड्यांत’ विभागलेली. आठवडा म्हणजे इथे टप्पा, दिवस सात असतीलच असं नाही. संपूर्ण मौन, रोज तासातासाच्या चार-पाच प्रार्थना आणि दिवसातून एकदा मार्गदर्शकाची भेट. नोकरी-संसार सोडता येत नसेल त्यांच्यासाठी रोज दीडेक तास देऊन घरूनच करायची सोय खुद्द इग्नेशियस यांनीच आपल्या साधनेच्या पुस्तकातल्या १९व्या सूचनेत ठेवली आहे.

गरज ओळखण्याचं काम पहिल्या टप्प्याचं. पण तो पापापासून सुरू होत नाही, आणि हेच इतरांनी शिकण्यासारखं आहे. आधी पाया: माणूस कशासाठी निर्माण झाला? देवाची स्तुती, आदर, सेवा यांसाठी. बाकी सगळं त्या कामापुरतं वापरायचं किंवा सोडायचं. हा पाया मनात बसल्याशिवाय पुढे नेत नाहीत. आपण कशासाठी आहोत हे कळलं की कुठे चुकलो हे वेगळं ओरडून सांगावं लागत नाही.

मग पापावरची मननं. पहिल्यात देवदूतांचं, आदाम-हव्वेचं आणि कुणा एकाचं पाप. शेवटी क्रूसावरच्या ख्रिस्तासमोर तीन प्रश्न: मी ख्रिस्तासाठी काय केलं, काय करतो आहे, काय करायला हवं? दुसऱ्या मननात स्वतःचं आयुष्य. इथली रीत बघण्यासारखी आहे. पापं नुसती आठवा असं सांगून सोडत नाहीत. कुठे राहिलो ती घरं, ज्यांच्याशी संबंध आला ती माणसं, केलेली कामं, या तीन खुणांनी वर्षं उलगडायला सांगतात. स्मरण जागेला चिकटलेलं असतं, त्यामुळे विसरलेलं वर येतं. शेवट होतो आश्चर्यात: इतकं असूनही या सृष्टीने मला कसं सांभाळलं? तिसरं आणि चौथं मनन नवा विषय न घेता त्याच विषयाची उजळणी करतं. आधी जिथे हललो किंवा जिथे कोरडे राहिलो, तिथेच परत जायचं. पाचवं मनन नरकावर. पहिल्या मननाच्या सुरुवातीला लाज आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला दुःख हे देवाकडे मागायचं असतं. ओढूनताणून आणायचं नाही, मागायचं. कसोटीतलं मागणं या पद्धतीत पहिल्या तासापासून आहे.

रोजच्या वापरासाठी यातलं आत्मपरीक्षण वेगळं काढता येतं आणि ते कुणालाही जमतं. पायऱ्या पाच: आभार, आपली पापं कळावीत म्हणून कृपेची मागणी, उठल्यापासून तासातासाचा हिशेब (विचार, शब्द आणि कृती या क्रमाने), क्षमेची याचना, आणि सुधारण्याचा निश्चय. पंधरा मिनिटं पुरतात. लोक पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीला भिडतात आणि मग हे आत्मपरीक्षण म्हणजे निव्वळ दिवसभराच्या चुकांची रोजनिशी होते.

एकाच दोषावरचं विशेष परीक्षण याहून कडक. सकाळी उठताना त्या दोषाची आठवण, दुपारच्या जेवणानंतर एक हिशेब, रात्रीच्या जेवणानंतर दुसरा. वहीत आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघांच्या सात जोड्या. वरच्या रेघेवर दुपारपर्यंतच्या चुकांचे ठिपके, खालच्या रेघेवर रात्रीपर्यंतचे. मूळ आराखड्यात या रेघा दिवसागणिक लहान होत जातात. दिवसभरात चूक घडली की त्या क्षणी छातीला हात लावायचा. आजूबाजूच्यांना कळतही नाही. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढतात, कारण लक्ष वाढलेलं असतं. इथे लोक घाबरून वही बंद करतात. करू नये. तीन आठवड्यांनी ठिपके कमी झाले तर बरंच, पण कमी झाले नाहीत तरी वहीने आपलं काम केलेलं असतं: हा दोष आपल्या ठरवण्याने जात नाही, हे आपल्याच हाताने लिहिलेलं समोर असतं.

धोका मोठा आहे तो अतिशंकी मनाला. कबूल केलेलं पाप पुन्हा पुन्हा कबूल करणं, प्रत्येक विचारात पाप दिसणं, क्षमा झाली यावर विश्वासच न बसणं, ही लक्षणं असतील तर ठिपक्यांची वही आणि नरकावरचं मनन दोन्ही बंद. नैराश्यातून जाणाऱ्यालाही एकट्याने पहिला टप्पा करू देऊ नये. चांगला मार्गदर्शक हे पहिल्या भेटीत ओळखतो. इग्नेशियस यांनी स्वतः म्हटलं आहे की ज्याला झेपत नाही त्याला ते देऊ नये. मार्गदर्शकाने तराजूच्या काट्यासारखं मध्ये उभं राहावं, कुठल्याही बाजूला कलू नये, असंही त्यांनी १५व्या सूचनेत बजावलं आहे. जो मार्गदर्शक तासभर स्वतःच बोलतो त्याच्याकडून साधना घेऊ नये.

प्रॉटेस्टंट वाचकांना येशूची आई मारिया हिच्यासमोरचे प्रार्थनेतले संवाद अडतील. बऱ्याच ठिकाणी ते वगळून साधना देतात, आधी विचारावं.

ज्याला गट, प्रवास, मौन यातलं काहीच शक्य नाही त्याच्यासाठी १५६३ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धा प्रश्न-उत्तरांतून शिकवणारी प्रॉटेस्टंट पुस्तिका, पुरेशी आहे. प्रश्न १२९. माणसाच्या दुःस्थितीवर त्यातले तिसऱ्यापासून अकराव्यापर्यंत फक्त नऊ, सुटकेवर ७४, कृतज्ञतेवर ४४. निदान किती लांबवावं याचं यापेक्षा चांगलं प्रमाण सापडणार नाही. तिसरा प्रश्न विचारतो, तुला तुझी दुःस्थिती कशावरून कळते? उत्तर: देवाच्या नियमशास्त्रावरून. चौथ्यात तो नियम म्हणून दहा आज्ञांची जंत्री न देता मत्तय २२ मधल्या प्रीतीच्या दोन आज्ञा येतात. चोरी न करणारे पुष्कळ असतात; शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करणारा शोधून दाखवा. उणीव एकच, समोर कुणी नसल्याने स्वतःला पास करून घेणं सोपं जातं.

आता निवड. चर्चपासून दूर असलेल्याला अल्फा. वाचणाऱ्या, शंका काढणाऱ्याला ख्रिश्चॅनिटी एक्सप्लोअर्ड. एखाद्या गोष्टीने हात टेकायला लावलेल्याला सेलिब्रेट रिकव्हरी. आणि ज्याच्या घरात तीन पिढ्या श्रद्धा आहे, जो गायनवृंदात आहे, समितीवर आहे, ज्याला सगळी वचनं पाठ आहेत, त्याला साधनेचा पहिला टप्पा. सगळ्यात अवघड गिऱ्हाईक हेच. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण ३ मध्ये, ‘मला काही उणे नाही’ असं म्हणते ती बाहेरची कुणी नाही, लावदिकीयाची मंडळी आहे. इ.स. ६०च्या भूकंपानंतर रोमच्या मदतीशिवाय स्वबळावर उभं राहिलेलं ते श्रीमंत शहर. अशा माणसाला अल्फाला बसवलं तर तो आठवड्याभरात यजमान होतो.

नाव देण्याआधी कुठल्याही ठिकाणी चार गोष्टी विचाराव्यात. गटात सांगितलेलं बाहेर गेलं तर काय करता? जीवाला धोका असल्याचं कुणी बोललं तर कुणाला कळवता? मध्येच सोडायचं असेल तर कुणी घरी येऊन मनधरणी करतं का? आणि शेवटच्या बैठकीनंतरच्या आठवड्यात काय असतं? पहिल्या तीनची उत्तरं बहुतेक ठिकाणी तयार असतात. चौथ्याला ‘मग रविवारी उपासनेला या’ एवढंच उत्तर मिळालं, तर त्याच मंडळीतला कुणी एक माणूस पुढचे दोन महिने आठवड्यातून एकदा भेटेल का, हे तिथल्या तिथे नावानिशी ठरवून घ्यावं. गरज बऱ्याचदा कोर्स संपल्यावर, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कळते, आणि तेव्हा गट विखुरलेला असतो.